आगीत सापडलेल्या गाडीचे पार्ट पुन्हा वापरावेत का? कोणते चालतात आणि कोणते जीवावर बेततात?

२३ फेब्रुवारी २०१९, शनिवार. बंगळुरूच्या येलहंका हवाई तळावर 'एअरो इंडिया' हे विमानांचं प्रदर्शन सुरू होतं. दुपारी पार्किंगच्या मोकळ्या मैदानातल्या सुक्या गवतानं पेट घेतला. वारा जोराचा होता. आग एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर गेली आणि बघता बघता सुमारे ३०० गाड्या जळाल्या. सुदैवानं जीवितहानी झाली नाही.

त्या दिवसाचे काळ्या सांगाड्यांच्या रांगांचे फोटो देशभर फिरले. आग कशी लागली आणि विमा मिळणार का, यावर भरपूर चर्चा झाली. पण गाडीला आग लागली की त्यानंतर आणखी एक प्रश्न उभा राहतो आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. गाडी जळाली, तरी तिचा प्रत्येक भाग जळालेला नसतो. मग जे वाचलं, त्याचं काय करायचं?

इंजिन पेटलं, पण मागचे दोन दरवाजे धडधाकट आहेत. डॅशबोर्ड वितळला, पण डिकीला धगही लागलेली नाही. असे पार्ट काढून दुसऱ्या गाडीला लावावेत, विकावेत की सरळ भंगारात द्यावेत? उन्हाळ्यात दर काही दिवसांनी कुठे ना कुठे 'धावत्या गाडीला आग' अशी बातमी येते. त्यामुळे हा प्रश्न वाटतो तितका दुर्मीळ नाही.

हा प्रश्न नेमका कुणासमोर येतो?

तीन जणांसमोर.

पहिला, ज्याची गाडी जळाली तो मालक. जुन्या गाडीचा अनेकदा फक्त थर्ड पार्टी विमा काढलेला असतो. त्या विम्यातून समोरच्याचं नुकसान भरून निघतं, स्वतःची जळालेली गाडी नाही. म्हणजे नुकसान सगळं खिशातून. अशा वेळी 'निदान पार्ट तरी विकू' असं वाटणं साहजिक आहे.

दुसरा, गॅरेजवाला. दहा-बारा वर्षं जुन्या गाडीला नवा ओरिजिनल पार्ट कधी मिळत नाही, कधी गिऱ्हाइकाला परवडत नाही. रोज टॅक्सी चालवून घर चालवणारा माणूस 'जुना बघा ना कुठे मिळतो का' असंच म्हणतो.

तिसरा माणूस मात्र असा आहे, की आपल्यासमोर हा प्रश्न आलाय हेच त्याला ठाऊक नसतं. जुन्या बाजारातून त्यानं एक स्टिअरिंग रॉड घेतलेला असतो, रंग मारलेला, चकचकीत. तो जळालेल्या गाडीतून आलाय, हे त्याला कुणी सांगत नाही.

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ही म्हण जळालेल्या गाडीला अक्षरशः लागू पडते. इथे काळा पडलेला पार्ट चांगला निघू शकतो आणि स्वच्छ दिसणारा पार्ट दगा देऊ शकतो. काजळी पुसता येते. पार्ट किती तापला होता, ते पुसता येत नाही.

गाडी किती तापली होती, हे कसं कळतं?

गाडी पूर्ण पेटली, तर आतलं तापमान ८०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं. पण आग सगळीकडे सारखी नसते. इंजिनपाशी ८०० अंश असताना डिकीत हाताला जेमतेम गरम लागेल इतकीच उष्णता असू शकते. म्हणून 'गाडी जळाली' यापेक्षा 'हा पार्ट जिथे होता, तिथे किती तापलं' हा प्रश्न महत्त्वाचा.

याचा अंदाज घेण्याची एक पद्धत आगीचं कारण शोधणारे तपासनीस वापरतात. आजूबाजूला काय वितळलं आणि काय नाही, हे ते पाहतात. प्रत्येक पदार्थाचा वितळण्याचा बिंदू ठरलेला असतो, त्यामुळे जळालेली गाडी स्वतःच थर्मामीटरचं काम करते.

- बंपर आणि डॅशबोर्डमध्ये वापरलं जाणारं पॉलिप्रॉपिलीन हे प्लॅस्टिक सुमारे १६० अंशांना वितळतं.
- इलेक्ट्रॉनिक सर्किटवरचे सोल्डरिंगचे टाके साधारण १८० ते २२० अंशांत सुटतात.
- सीटबेल्टच्या पट्ट्याचं पॉलिएस्टर सुमारे २५० ते २६० अंशांना वितळतं.
- बॅटरीतलं शिसं ३२७ अंशांना वितळतं.
- पत्र्यावरचा जस्ताचा थर ४२० अंशांच्या आसपास वितळतो.
- शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्याचे मिश्रधातू त्याच्या थोडं आधीच.
- तांब्याची तार वितळायला १०८५ अंश लागतात.

म्हणजे एखाद्या पार्टच्या अगदी शेजारची प्लॅस्टिकची क्लिप शाबूत असेल, तर तिथे १६० अंशही झाले नसावेत. शेजारी अॅल्युमिनियमचे थेंब गोठलेले असतील, तर तिथला लोखंडी पार्ट कितीही भक्कम दिसला तरी तो ६०० अंशांच्या आसपासच्या भट्टीतून गेलाय, असं समजायचं.

म्हणूनच पार्ट गाडीतून काढण्याआधी फोटो काढून ठेवणं फार कामाचं असतं. पार्ट एकदा सुटा झाला की त्याच्या शेजारी काय वितळलं होतं, याचा पुरावाही जातो. जुन्या बाजारातल्या सुट्या पार्टची खरी अडचण हीच आहे.

न वितळलेलं पोलाद बाद कसं होतं?

अनेकांना वाटतं, पोलाद वितळायला दीड हजार अंश लागतात, गाडीच्या आगीत ते कुठे वितळतंय! वितळत नाहीच. पण बिघडायला त्याला वितळावं लागत नाही.

गाडीतले महत्त्वाचे लोखंडी पार्ट नुसते ओतून किंवा ठोकून बनत नाहीत. त्यांना ठरावीक तापमानापर्यंत तापवून, झटकन थंड करून, पुन्हा ठरावीक तापमानाला शेकून ताकद दिलेली असते. यालाच हीट ट्रीटमेंट म्हणतात. गावातल्या लोहाराचं कोयत्याला पाणी देणं हे याच विद्येचं जुनं रूप. पाणी दिलेला कोयता चुलीत राहिला, तर दिसायला तसाच राहतो, पण त्याची धार टिकत नाही. गाडीच्या पार्टचंही तसंच होतं. कारखान्यात दिलेलं 'पाणी' आग उतरवते.

सस्पेन्शनच्या स्प्रिंगा साधारण ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान शेकलेल्या असतात. आगीत त्याहून जास्त तापल्या, की त्या मऊ पडतात आणि गाडी एका बाजूला बसते. चाकांचे आणि स्टिअरिंगचे हाय टेन्साइल बोल्टही साधारण ४०० अंशांच्या पुढे ताकद गमावू लागतात. बोल्ट हा पार्ट असतो, हेच अनेकांच्या ध्यानात येत नाही. सांगाड्यातून काढून डब्यात टाकलेले बोल्ट पुढे कुठल्याही गाडीला लागतात.

बेअरिंगचा प्रश्न त्याहून नाजूक. साधी बेअरिंग १५० अंशांच्या पुढे फार वेळ राहिली, तर तिच्या पोलादाचा कडकपणा आणि माप, दोन्ही बिघडू शकतात. आतलं ग्रीस तर त्याच सुमाराला वितळून वाहून जातं.

अलॉय व्हीलचं उदाहरण सगळ्यात फसवं. ती चाकं अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात आणि १५० ते १८० अंशांच्या आसपास काही तास ठेवून त्यांची ताकद वाढवलेली असते. आगीत ती २०० अंशांच्या वर काही वेळ राहिली, तरी ताकद उतरायला लागते. टायर जळून गेला आणि अलॉय 'वाचलं', तर ते फक्त दिसायला वाचलेलं असतं. पॉलिश करून ते विकलं जातं आणि महामार्गावर एखाद्या खड्ड्यात त्याची परीक्षा होते.

आधुनिक गाड्यांच्या सांगाड्यातही हाच मुद्दा आहे. दोन दारांमधला खांब अनेक गाड्यांत बोरॉन मिसळलेल्या, अतिशय ताकदवान पोलादाचा असतो. ९०० अंशांच्या वर तापवून, साच्यात दाबून, तिथेच थंड करून त्याला ती ताकद दिलेली असते. आगीत तो ४००-५०० अंशांच्या पुढे तापला, तर ती ताकद कमी होते. बाजूनं धडक बसली, तर प्रवाशाला वाचवणारा खांब तोच. रंग मारल्यावर तो नव्यासारखाच दिसतो.

आग विझवताना होणारं नुकसान

उष्णता पोचली नाही, तरी धूर, पाणी आणि पावडर पोचते.

वायरींवरचं आवरण बहुतेक वेळा पीव्हीसीचं असतं. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि ओलाव्यात मिसळला की त्याचं हायड्रोक्लोरिक अॅसिड होतं. आग विझवायला मारलेलं पाणी आणि हा धूर यांचा थर आगीपासून लांबच्या कनेक्टरवर आणि सर्किटवरही बसतो. पार्ट त्या दिवशी चालू असतो आणि काही महिन्यांनी गंजतो.

कोरड्या पावडरच्या फायर एक्स्टिंग्विशरचंही तसंच. एबीसी प्रकारच्या पावडरमध्ये मुख्यतः मोनोअमोनियम फॉस्फेट असतं. ओलावा लागला की ती पावडर धातू खाते आणि ती जिथे जाईल तिथून पूर्ण साफ करणं कठीण असतं. त्यामुळे 'आग इंजिनलाच लागली होती, ईसीयू केबिनमध्ये होता, काही झालेलं नाही' हा दावा अर्धाच खरा असू शकतो.

हे पार्ट घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाले तरी

निकाल देताना दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. पार्ट किती तापला आणि तो बंद पडला तर काय होईल? रेडिओ बंद पडला तर गाणी बंद होतील. ब्रेक बंद पडला तर माणूस जाईल. म्हणून काही पार्टच्या बाबतीत 'थोडंच तापलं होतं' हा बचाव चालत नाही.

एअरबॅग आणि सीटबेल्ट: एअरबॅगमध्ये आणि सीटबेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेत छोटा स्फोटक भाग असतो. गरम झालेला पण न फुटलेला एअरबॅग पुढे धडकेत फुटेल की नाही आणि फुटला तर कसा फुटेल, हे बाहेरून सांगता येत नाही. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगनी हे जगाला दाखवून दिलं. वर्षानुवर्षं दमट आणि उष्ण हवेत राहून त्यातलं रसायन खराब झालं आणि फुगताना धातूचे तुकडे प्रवाशांच्या अंगावर उडाले. त्यातून वाहन उद्योगाच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं रिकॉल झालं. तिथे फक्त हवामानाची उष्णता होती. इथे आगीची आहे.

ब्रेकचे रबरी आणि हायड्रॉलिक भाग: होज, मास्टर सिलिंडर, कॅलिपरची सीलं. रबर एकदा कडक झालं की गळती ठरलेली.

स्टिअरिंग आणि सस्पेन्शन: रॉड, बॉल जॉइंट, स्प्रिंगा, शॉक अॅब्झॉर्बर आणि त्यांचे बोल्ट.

टायर आणि अलॉय व्हील: धग लागलेली असेल तर दोन्ही नकोत.

इंधनाची लाइन, टाकी आणि सीएनजी सिलिंडर: महाराष्ट्रातल्या शहरांत सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षा आणि टॅक्सी मोठ्या संख्येनं असल्यामुळे हा मुद्दा महत्त्वाचा. या सिलिंडरमध्ये गॅस सुमारे २०० बारच्या दाबानं भरलेला असतो. एरवीही दर तीन वर्षांनी त्याची हायड्रो टेस्ट करावी लागते. आगीत सापडलेला सिलिंडर अधिकृत तपासणी आणि चाचणीशिवाय वापरायला गॅस सिलिंडर नियम परवानगी देत नाहीत. वाचलेला सिलिंडर परस्पर दुसऱ्या गाडीत बसवणं म्हणजे मागच्या सीटखाली धोका घेऊन फिरणं.

वायरिंग: आगीच्या जागेतून गेलेलं वायरिंग तुकडे जोडून वापरू नये. गाड्यांच्या आगीचं एक नेहमीचं कारण शॉर्टसर्किट असतं. जळालेल्या गाडीचं वायरिंग चांगल्या गाडीत घालणं म्हणजे पुढच्या आगीची तयारी करणं.

युरोपीय संघाच्या २००५ च्या एका निर्देशात नव्या गाड्या बांधताना जुने वापरू नयेत अशा पार्टची यादीच दिली आहे. त्यात एअरबॅग, सीटबेल्ट, स्टिअरिंग लॉक, इमोबिलायझर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सर आहेत. ही यादी धडधाकट जुन्या गाड्यांच्या पार्टसाठी आहे. जळालेल्या गाडीबाबत त्याहून कडक राहायला हवं, हे वेगळं सांगायची गरज नाही.

हे पार्ट नीट तपासून

इंजिन: ओतीव लोखंडाचा ब्लॉक आगीतून बऱ्याचदा वाचतो. अॅल्युमिनियमचं हेड मात्र वाकू शकतं. इंजिन पूर्ण खोलून हेडची सपाटी मोजायची, सगळी सीलं आणि गॅस्केटं बदलायची आणि मगच निर्णय घ्यायचा. 'स्टार्ट होतंय' हा पुरावा पुरेसा नाही. इंजिन दुसऱ्या गाडीत बसवणार असाल, तर त्याचा क्रमांक आरसीवरच्या क्रमांकाशी जुळणार नाही. त्यामुळे आरटीओत रीतसर नोंद करून घ्यावी लागते.

गिअरबॉक्स, अल्टरनेटर, स्टार्टर: आग जवळ होती की लांब, यावर सगळं अवलंबून. तेलाची सीलं आणि बेअरिंग बदलण्याचा खर्च धरला, की स्वस्त वाटणारा सौदा अनेकदा महाग पडतो.

ब्रेक डिस्क: ओतीव लोखंडाची डिस्क रोजच्या वापरातही काही शे अंश तापते. ती वाकली नाही ना आणि तिला तडा नाही ना, हे मोजून पाहता येतं.

लोखंडी पार्ट खरोखरच मऊ पडलाय का, हे पाहण्यासाठी हार्डनेस टेस्ट असते. भोसरी, सातपूर, वाळूजसारख्या औद्योगिक पट्ट्यांत हीट ट्रीटमेंट करणाऱ्या वर्कशॉपमध्ये ही चाचणी रोजची आहे. पण एका जुन्या पार्टसाठी कुणी तिथवर जात नाही. मग सोपा नियम असा: चाचणी करणं परवडत नसेल, तर तो पार्टही परवडत नाही.

हे पार्ट बहुतेक वेळा चालतात

सगळंच टाकून द्यायचं, हाही शहाणपणा नाही. एक जुना दरवाजा वापरात राहिला, की नवा दरवाजा बनवायला लागणारं पोलाद, वीज आणि पैसा वाचतो. ज्याला नवा पार्ट परवडत नाही, त्याची गाडी रस्त्यावर राहते आणि रोजगारही.

समजा, एका हॅचबॅकच्या इंजिनमध्ये शॉर्टसर्किट झालं. बॉनेट आणि पुढची काच गेली, पण आग केबिनमध्ये शिरण्याआधी विझली. अशा गाडीचे मागचे दरवाजे, डिकीचं झाकण, मागचे दिवे, मागच्या काचा, दारांचे हँडल, आरसे आणि जॅक हे पार्ट वापरता येतात. अट एकच: त्यांच्या आसपासचं प्लॅस्टिक, रबर आणि रंग शाबूत असायला हवा. रंगाला फोड आलेले नाहीत, रबरी बीडिंग बोटानं दाबली की परत फुलते, आतली क्लिप वितळलेली नाही, ही त्याची खूण.

या यादीतला कुठलाही पार्ट बिघडला तरी त्रास होईल, जीव जाणार नाही. निर्णयाचा पाया हाच आहे.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर?

मग नियम आणखी कडक. लिथियम-आयन बॅटरीतली आग विझल्यासारखी दिसते, पण काही सेलमध्ये ऊर्जा शिल्लक राहते आणि तासांनी, कधी दिवसांनी ती पुन्हा पेटू शकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं, म्हणजे एनटीएसबीनं, २०२० मध्ये याच धोक्यावर स्वतंत्र अहवाल दिला. बॅटरीला इजा झालेली गाडी इतर गाड्यांपासून आणि इमारतींपासून ५० फूट, म्हणजे सुमारे १५ मीटर लांब ठेवावी, अशी तिथली मार्गदर्शक सूचना आहे.

आपल्याकडे २०२२ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला पुण्यासह अनेक शहरांत इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याच्या घटना घडल्या. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम दोन टप्प्यांत कडक झाले. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. पण हे नियम नव्या बॅटरीसाठी आहेत. जळालेल्या पॅकमधून 'चांगले' सेल वेचून नवा पॅक बांधला, तर त्याला यातलं कुठलंच संरक्षण नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अशी बॅटरी नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवी.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ नुसार, गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकानं १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. अनेकांना हे माहीतच नसतं. गाडी भंगारात जाते आणि आरसी घरातल्या कपाटात राहते.

सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारनं वाहन स्क्रॅपिंग केंद्रांचे नियम आणले. आग, दंगल, नैसर्गिक आपत्ती किंवा अपघातात खराब झालेली गाडी मालकानं स्वतः 'भंगार' म्हणून जाहीर केली, तर नोंदणीकृत केंद्र ती घेऊ शकतं. गाडी चोरीची नाही ना, हे केंद्राला तपासावं लागतं. गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि ते दाखवून नवी खासगी गाडी घेताना मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. प्रत्यक्ष सवलत राज्यानुसार बदलते.

१ एप्रिल २०२५ पासून आयुष्य संपलेल्या वाहनांचे पर्यावरण नियमही लागू झाले आहेत. गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांवर जुन्या गाड्यांमधलं पोलाद परत वापरात आणण्याची जबाबदारी त्यांनी टाकली आहे. म्हणजे जळालेली गाडी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला देण्यापेक्षा रीतसर केंद्रात देणं आता अधिक सोपं आणि फायद्याचं व्हायला हवं.

विमा आणि 'टोटल लॉस' म्हणजे काय?

सर्वसमावेशक विम्यात आग, स्फोट आणि आपोआप पेट घेणं यांचा समावेश असतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विम्यात ठरलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून जास्त होत असेल, तर गाडी 'टोटल लॉस' धरली जाते. सर्व्हेअर येण्याआधी एकही पार्ट काढू नका. काढला, तर नुकसान किती आणि कशामुळे यावर वाद होऊ शकतो.

टोटल लॉस झालेल्या गाडीचा सांगाडा पुढे विकला जातो. खरा धोका इथून सुरू होतो. सांगाड्याबरोबर आरसी आणि चेसिस क्रमांकही गेला, तर तो क्रमांक चोरीच्या गाडीवर बसवून ती 'कायदेशीर' करता येते. अशा टोळ्या पोलिसांनी वेळोवेळी पकडल्या आहेत. चोरीच्या गाड्या सुट्या करून विकण्यासाठी कुप्रसिद्ध असलेला मेरठचा सोतीगंज बाजार डिसेंबर २०२१ मध्ये पोलिस कारवाईनंतर बंद पडला. कागद रद्द न करता सांगाडा विकणाऱ्या मालकाला पुढे कधीतरी पोलिसांच्या फोनला उत्तर द्यावं लागू शकतं.

ब्रिटनमध्ये काय करतात?

ब्रिटनमध्ये विमा कंपन्या टोटल लॉस गाड्यांचे ए, बी, एस आणि एन असे चार गट करतात. २०१७ पासून ही रचना आहे. 'ए' गटातली गाडी पूर्ण चिरडायची, तिचा एकही पार्ट वापरायचा नाही. पूर्ण जळालेल्या गाड्या सहसा याच गटात जातात. 'बी' गटात सांगाडा चिरडायचा, पण चांगले पार्ट काढून वापरता येतात. 'एस' आणि 'एन' गटातल्या गाड्या दुरुस्त होऊ शकतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनजवळच्या लुटन विमानतळाच्या पार्किंग इमारतीला आग लागली आणि हजाराहून जास्त गाड्या गेल्या. अशा वेळी ही रचना कामाला येते, कारण कोणत्या गाडीचं काय करायचं, हे भंगारवाल्याच्या मर्जीवर राहत नाही.

आपल्याकडे आरसीवर असा कुठलाही गट लिहिला जात नाही. सांगाडा विकत घेणाऱ्यालाच कोणता पार्ट बाजारात जाईल, हे ठरवता येतं. त्यामुळे तपासण्याचा सगळा भार शेवटच्या गिऱ्हाइकावर, म्हणजे ज्याला सगळ्यात कमी माहिती आहे त्याच्यावर येतो.

जुना पार्ट घेताना काय पाहाल?

१. वास घ्या. जळक्या प्लॅस्टिकचा वास धुतल्यावरही खाचांमध्ये राहतो.

२. पार्ट उलटा करा. सहसा कुणी रंगवत नाही अशा आतल्या बाजूला ताजा रंग असेल, तर कारण विचारा.

३. बोल्टची भोकं आणि कोपरे पाहा. तिथे वितळलेल्या प्लॅस्टिकचा किंवा काजळीचा अंश अडकतो.

४. रबर दाबा, वायर वाकवा. कडक झालेलं रबर आणि तडकणारं वायरचं आवरण सरळ नाकारा.

५. पार्ट कुठल्या गाडीचा आणि ती का निघाली, हे विचारा. पावतीवर लिहून मागा. लिहून द्यायला नकार मिळाला, तर ते उत्तरच समजा.

६. गॅरेजवाल्याला स्पष्ट सांगा: ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, सीटबेल्ट, एअरबॅग, टायर, इंधन आणि वायरिंग यात जुना पार्ट नको. बाकी ठिकाणी चालेल.

आणि जळालेली गाडी तुमचीच असेल, तर क्रम असा ठेवा. आधी अग्निशमन दलाचा अहवाल आणि पोलिसांचा पंचनामा घ्या. लगेच विमा कंपनीला कळवा. फोटो काढा. सर्व्हे झाल्यावरच गाडी हलवा किंवा पार्ट काढा. गाडी मोडीत काढायची ठरली, तर नोंदणीकृत केंद्रात द्या, प्रमाणपत्र घ्या आणि आरसी रद्द करा.

स्वस्त पार्टचा हिशेब करताना आपण नव्याची किंमत आणि जुन्याची किंमत यातला फरक मोजतो. जळालेल्या गाडीच्या बाबतीत हिशेबात आणखी एक माणूस धरायला हवा. गाडी पुढे विकली गेली, तर तो पार्ट कुणाच्या तरी गाडीत असणार आहे आणि तिच्या मागच्या सीटवर कुणाचं तरी मूल बसणार आहे. मागचा दरवाजा खुशाल वापरा. स्टिअरिंगचा रॉड भट्टीत जाऊ द्या.